मशीनच्या आडचा आवाज

फोन केतकीचा होता. "मावशी, आई…" एवढंच म्हणाली आणि पुढचं तिला बोलवेना. मला कळलं. हॉस्पिटलातून आठवडाभर तसंही काही चांगलं कानावर येत नव्हतं. मी "हो गं बाळा, हो" असं काहीतरी म्हटलं, फोन ठेवला, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण रडायच्याही आधी मी जाऊन बैठकीच्या भिंतीला कान लावला. अठरा वर्षांची सवय. त्या भिंतीपलीकडे नलूची शिवणाची खोली. घरातलं आवरून अकराच्या सुमाराला तिची मशीन सुरू व्हायची, आणि मशीन सुरू झाली की… पण ते पहिल्यापासूनच सांगायला हवं. त्या दिवशी मशीन बंद होती. ती बंदच असणार हे काय मला ठाऊक नव्हतं? तरी कान लावला. पलीकडून एसीची घरघर तेवढी आली.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत भेटायला आलेल्या लोकांनी नलूबद्दल खूप चांगलं सांगितलं. कष्टाळू होती, सुगरण होती, शिवणात हात धरणारं कुणी नव्हतं. सगळं खरं. पण खालच्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, "फार शांत हो, आवाज म्हणून कधी ऐकला नाही," तेव्हा त्या घरात, तसल्या वेळी, मला हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला. बाईंना वाटलं, कमलताईंना हुंदका आवरेना. त्या बाई नवीन आहेत, त्यांना काय माहीत! ज्या नलूचा आवाज एका हॉलभर लोकांनी टाळ्या वाजवून मागून घेतला, तिची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेलीच नाही. म्हणून ही लिहायला बसले. मी काही लेखिका नाही. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण मिरजेत वडिलांच्या बाइंडिंगच्या दुकानात. फाटकी पुस्तकं शिवायला यायची, ती शिवण्याआधी मी वाचून काढायची. त्यामुळे शेवटची पानं गळालेली पुष्कळ पुस्तकं मला पाठ आहेत.

तर नलू, म्हणजे नलिनी. कराडची. नवरा वसंतराव कार्गोच्या ऑफिसात, मुलगी केतकी तेव्हा नुकतीच पहिलीत गेलेली. इथं आखातात, ऊद मेथा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर शेजारीशेजारी दारं आणि मधली एक भिंत सामाईक. नलू घरी शिवायची. आसपासच्या शाळांचे युनिफॉर्म, बायकांचे ब्लाउज, पडद्यांच्या झालरी. राहायला आली त्याला सहा महिने झाले असतील. मी रोज भिंतीतून मशीनची टकटक ऐकायची आणि त्या टकटकीच्या खाली एक गाणं. चांगला भरदार, खालच्या पट्टीतला आवाज, घागरीत बोलल्यासारखा. नाटकातली पदं, अभंग, काय वाटेल ते. एकदा लिफ्टमध्ये नलू भेटली तेव्हा मी कौतुकानं म्हटलं, "अगं, तुझे मिस्टर काय सुंदर गातात! बायको शिवतेय आणि नवरा शेजारी बसून गातोय, असं भाग्य कुणाला मिळतं!" नलूचा चेहरा पांढराफटक. लिफ्ट चौथ्यावर आली तरी बाहेर पडेना. मग हळूच म्हणाली, "ताई, ते ऑफिसला असतात त्या वेळी." मला कळायला अर्धं मिनिट लागलं. आणि कळल्यावर मी इतकी हसले की लिफ्ट आम्हाला घेऊन परत खाली गेली.

पण तिला हसू येत नव्हतं. मग एके दिवशी चहा पिताना सांगितलं तिनं. सोळा वर्षांची असताना शाळेच्या गाण्याच्या स्पर्धेत उभी राहिली. गाण्याचे मास्तर पहिली ओळ ऐकून सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "बस खाली. रेडा बांधलाय का गळ्यात?" मुली हसल्या. नलू बसली ती बसलीच. त्यानंतर माणसांसमोर तोंडातून सूर काढला नाही. लग्नात उखाणासुद्धा नवऱ्याच्या कानात घेतला म्हणे. पण गाणं काही गप्प बसत नाही हो… मग तिनं ही युक्ती काढली. मशीन चालू असली की गायचं. पॅडलवरचा पाय उचलला की तोंड बंद. वसंतरावांना माहीत नाही, मुलीला माहीत नाही. "शपथ घ्या ताई, कुणाला सांगणार नाही." घेतली. मी बडबडी आहे हे सगळ्या ऊद मेथाला ठाऊक आहे, पण ही एक गोष्ट मी सात-आठ वर्षं पोटात ठेवली.

मग आले मिस्टर हॉब्स. पाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यात मोठे इंजिनियर, वीस वर्षं आखातात काढलेला म्हातारा इंग्रज, केस कापसासारखे, आणि तोंडात सतत इथले अरबी शब्द, यल्ला म्हणजे चला आणि खलास म्हणजे संपलं. त्यांची इंग्रज लोकांची एक हौशी नाटकमंडळी होती आणि हॉब्ससाहेबांना एकच वेड, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची त्यांच्याकडची विनोदी संगीत नाटकं. त्या वर्षी ते असंच एक नाटक बसवत होते आणि त्यांना हवे होते घेरदार झगे, चौदा. कुणीतरी नलूचं नाव सांगितलं. नलू घाबरली, पण काम मोठं होतं आणि आव्हान त्याहून मोठं. एकेका झग्याला सोळा-सोळा कळ्या! मला म्हणाली, "ताई, काजं-बटणं आणि टाचण्या तुम्ही सांभाळा, मला एकटीला त्या लोकांत जाववत नाही." म्हणून मी गेले. साहेबांच्या बंगल्यात मागच्या व्हरांड्यात नलूची मशीन ठेवली, आणि आत मोठ्या खोलीत तालमी.

मी आधी म्हटलं, कशाला कळतंय आपल्याला त्यांचं गाणं. पण तिसऱ्या दिवशी माझे कानच उभे राहिले. कारण ही गाणी काही उगाच तासभर चालणारी नव्हती. माणसं साधं बोलत असायची, भांडत असायची, आणि बोलणं तापलं की मध्येच कुणीतरी गायला लागायचं. चार ओळी, सहा ओळी, शेवटी एक चिमटा, की परत बोलणं सुरू. चोर गायचा, वकील गायचा, मोलकरीण गायची. एक शिकारीचं गाणं, एक पिण्याचं, एक मुलीला उपदेश करणाऱ्या बापाचं. नायिकेला एक गाणं असं होतं की त्यात ती मुद्दाम लांबच लांब ताना घेते, म्हणजे इटलीहून येणाऱ्या बड्या गायिकांची नक्कल, आणि तान संपेपर्यंत नायक खुर्चीत झोपी जातो! मी हॉब्ससाहेबांचं पुस्तक उघडून पाहिलं. इंग्रजी मला लावून लावून वाचता येतं. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचं नाव. मी विचारलं, "हे काय?" साहेब म्हणाले, "मॅडम, ही चाल. त्या काळी रस्त्यावर जी गाणी लोकांच्या तोंडी होती, त्यांच्याच चाली घ्यायच्या आणि वर नवे शब्द बसवायचे. म्हणजे प्रेक्षक घरी जाताना गाणं गुणगुणत जातो."

अहो, मी टाचण्यांचा डबा खाली ठेवला! आमच्या दुकानात आलेल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत अगदी हेच. पदाच्या वर लिहिलेलं असायचं, चाल: अमुक. मी साहेबांना हे माझ्या हिंदी-इंग्रजी खिचडीत सांगितलं. ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. तालीम राहिली बाजूला. "म्हणजे तुमच्याकडेही गाणारा नट मध्येच थांबून गातो?" मी म्हटलं, "थांबून? साहेब, आमच्याकडे मेलेला नट लोकांनी ओरडा केला म्हणून उठून, पद परत म्हणून, परत मेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय." म्हातारा इतका हसला की चष्मा पुसायला लागला. त्या दिवसापासून आमची दोस्ती.

नलू मात्र मान खाली घालून शिवत होती. पण शिवत असताना ऐकतही होती. नायिकेचा झगा तिनं दोनदा उसवला. म्हणाली, "ही तिसऱ्या ओळीनंतर मोठा श्वास घेते, तिथं हिच्या बरगडीला जागा पाहिजे." नायकाच्या जाकिटाचं बटण शिकारीच्या गाण्यात वरच्या सुरावर रोज उडायचं, तिथं माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, सोडून दिली. इंग्रज मंडळी थक्क. शिंपिणीला गाण्यातला श्वास कसा कळला? मला एकटीला माहीत होतं, कारण मशीनच्या टकटकीखाली ती प्रत्येक गाणं त्यांच्याबरोबर म्हणत होती. शब्द नाही, नुसते सूर.

आणि एक दिवस घात झाला. नाटकात एक खाणावळवाली आहे, जाडजूड, फटकळ. तिचं एक गाणं. गावातले सगळे प्रेमी हिच्याच खाणावळीत येऊन उसासे टाकतात आणि हिच्या चुलीवरचं जेवण करपतं, असा मजकूर. घोड्याच्या टापांसारखी उड्या मारणारी चाल. ते काम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याची दुसऱ्या देशात बदली झाली आणि हॉब्ससाहेब स्वतःच कसंबसं ते गाणं रेकत होते. आत साहेब गाताहेत, व्हरांड्यात मशीन चाललीय, आणि दोरा तुटला. हाताला कळलं, पायाला कळलं, मशीन थांबली. पण त्या गाण्याची चालच अशी की अर्ध्यावर थांबताच येत नाही. नलूचा आवाज पुढं गेला. पुरी एक ओळ. मोकळा, भरदार, सगळ्या व्हरांड्यात घुमला. आत पियानो थांबला. दारात सात-आठ गोरे चेहरे. नलूनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तुटलेला दोरा तसाच बोटांत.

हॉब्ससाहेब म्हणाले, "यल्ला, नलिनी. आत या." ती मला म्हणाली, "ताई, चला घरी." मी म्हटलं, "मी नाही येत, माझी काजं राहिलीत." वाईट वागले का मी? वागले. पण साहेबांनी जे सांगितलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, "ही गाणी नाजूक आवाजांसाठी लिहिलेली नव्हती. ही नटांसाठी, आणि रस्त्यावरच्या माणसांसाठी. खाणावळवालीचा आवाज बारीक असला तर त्या गोंगाटात तिचं ऐकणार कोण? मला असाच आवाज हवा होता. दोन महिने शोधतोय." मी तिला मराठीत सांगितलं. नलूनं झग्यातली एक टाचणी काढली, परत टोचली. मग विचारलं, "मशीन आत आणली तर चालेल का?"

तर अशी तालीम जगात कुठं झाली नसेल. पहिल्या दिवशी नलू खोलीत मशीन चालवत गायली. दुसऱ्या दिवशी मशीन माझ्याकडे, मी कोपऱ्यात बसून चिंध्यांवर टीप मारायची आणि ती उभी राहून गायची. मग साहेबांनी मला व्हरांड्यात बसवलं. मग स्वयंपाकघरात. रोज चार पावलं लांब. एके दिवशी मी मुद्दाम पाय उचलून ठेवला. नलूनं गाणं पुरं केलं आणि आत येऊन म्हणाली, "आज मशीन जरा हळू वाजत होती." मी म्हटलं, "तेल संपलंय."

राहिले शब्द. इंग्रजी शब्द तिच्या जिभेवर बसेनात, आणि अर्थ कळल्याशिवाय पाठ होईना. म्हणून मी मराठीत करून दिलं, अगदी त्याच चालीवर, नुसतं तिला अर्थ कळावा म्हणून. युनिफॉर्मच्या मापांच्या वहीतल्या पानावर लिहिलं आणि वर ऐटीत 'चाल: खाणावळवालीची' असंही लिहिलं. कविता कसली, पण ऐका:

कुणी येतो घोड्यावरून, कुणी येतो चालत,
माझ्याच बाकावर बसून असती गुलूगुलू बोलत.
एक म्हणे जीव देईन, एक म्हणे प्राण,
मी म्हणते लेकरांनो, आधी जेवा छान!
चंद्र बघत बसला तुम्ही, डोळ्यांत भरलं पाणी,
चुलीवरती करपून गेली आमटी माझी, राणी!

मराठी एका दिवसात पाठ झालं. इंग्रजी महिन्यानं. घरी मात्र अवाक्षर नाही. वसंतराव आणि केतकीला एवढंच माहीत की आईनं झगे शिवलेत आणि ते बघायला आपण जायचं आहे. केतकी तेव्हा चौदा वर्षांची, इथंच वाढलेली. तिला आईची लाज वाटायची असं नाही म्हणणार मी, पण त्या वयात सगळ्यांनाच आई जरा लांब उभी असली तर बरी वाटते. गाडीत मला विचारलं, "मावशी, इज मम्मा गोइंग टू कम आउट अँड बाउ ऑर समथिंग? प्लीज टेल हर नॉट टू." मी म्हटलं, "बघू हं."

साहेबांनी आम्हाला वीस पास दिले होते. आमच्या ह्यांच्या गावाकडचा सावंत, रुवैसला रिफायनरीत पाइप फिटर, पंधरा दिवसांनी गुरुवारी बसनं आमच्याकडे जेवायला यायचा. तो आणि त्याचे चार रूममेट, आणि आमच्या बिल्डिंगमधली मराठी घरं. सावंत म्हणजे नाटकाचा किडा. गावच्या जत्रेतल्या नाटकाला तो तीन वर्षांतून एकदा मिळणारी सुट्टी जुळवायचा. त्याला मी बजावलं, "अरे, इंग्रज लोकांचं आहे, गप्प बसायचं." "होय वहिनी," म्हणाला. नलूला मी सांगितलं होतं की मी विंगेच्या मागे मशीन चालवत बसेन. बसले तिसऱ्या ओळीत, वसंतरावांच्या शेजारी. देव मला क्षमा करो.

नाटक रंगलं. इंग्रज प्रेक्षक म्हणजे गाणं संपलं की चार सभ्य टाळ्या, की परत चिडीचूप. दुसऱ्या अंकात खाणावळवाली आली. घेरदार झगा, वर मोठा पांढरा एप्रन, हातात डाव, गालांना लाल रंग. पियानो सुरू झाला, आणि त्या आवाजानं पहिली ओळ उचलली. वसंतराव माझ्याकडे वळले. "ही कोण हो?" मी म्हटलं, "तुमची बायको." त्यांनी परत स्टेजकडे बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. केतकी पलीकडून म्हणाली, "ओ माय गॉड." नलू गात होती. डाव नाचवत, कंबरेवर हात ठेवून, त्या मास्तरांच्या रेड्यासकट सगळा गळा मोकळा सोडून. शेवटची ओळ झाली. सभ्य टाळ्या पडल्या. नायक तलवार लटकवून आत आला, तोंड उघडलं…

आणि मागून सावंत ओरडला, "वन्स मोअर!"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. तोवर त्याच्या चार रूममेटनी, मग आमच्या सगळ्या बिल्डिंगनं उचललं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" इंग्रज मंडळी माना वळवून बघायला लागली, कुठं आग लागली की काय. बरं, दुसरं कुणी असतं तर मान खाली घालून पुढं गेलं असतं. पण नलू कराडच्या तंबूत नाटकं बघून मोठी झालेली. वन्स मोअर आला की गायचं, त्यात विचार कसला करायचा! तिनं त्या सहा फुटी नायकासमोर तळहात उभा धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, "थांबा हं जरा." आणि तो थांबला! नुसता थांबला नाही, आला तसा पाठमोरा विंगेत गेला. हॉल हसून फुटला. पियानोवरच्या बाईनं विंगेत साहेबांकडे बघितलं, साहेबांनी हात हलवला, पियानो सुरू. आणि दुसऱ्या खेपेला नलूच्या तोंडून काय आलं असेल? 'कुणी येतो घोड्यावरून, कुणी येतो चालत!' इंग्रजी कुठं गेलं ते तिलाच माहीत. 'आधी जेवा छान'ला सावंतनं शिट्टी मारली. 'करपून गेली आमटी'ला तिनं जो डाव आपटला, त्याला अर्थ न कळताही सगळा इंग्रजी हॉल टाळ्या वाजवत होता.

नाटक संपल्यावर आम्ही मागे गेलो ते गुन्हेगारासारखे. सावंत घामाघूम. "वहिनी, माझं काय चुकलं काय?" हॉब्ससाहेब समोर आले, सावंतनं कानाला हात लावला, "सॉरी सर." म्हाताऱ्यानं त्याचा हात धरून हलवतच ठेवला. म्हणाले, दोनशे वर्षांपूर्वी लंडनात वरच्या मजल्यावरची स्वस्त जागांवरची माणसं अशीच ओरडायची, आणि नट परत गायचे, वाटलं तर नवे शब्द घालून गायचे. "मी इतकी वर्षं ही नाटकं करतोय. आज पहिल्यांदा प्रेक्षक बरोबर वागले. नो सॉरी, हबीबी. कल भी आओ!" सावंतला कुठलं यायला मिळणार, त्याची बस सकाळची. पण दुसऱ्या दिवशी म्हणे इंग्रज लोकच ओरडले. नलूनं मला विचारलं, "मशीनचा आवाज मला शेवटपर्यंत येत होता, पण तुम्ही दिसला तर तिसऱ्या ओळीत?" मी म्हटलं, "तेल घालायला आले होते."

त्या दिवशी घरी जाताना गाडीत वसंतराव सारखे तिच्याकडे वळून बघत होते. नलूच्या गालांवर अजून लाल रंग. लिफ्टमध्ये, तिसरा मजला गेल्यावर, ते म्हणाले, "नलिनी, सतरा वर्षं झाली आपल्या लग्नाला." "हो," ती म्हणाली. "सतरा वर्षं मी रेडिओ ऐकतोय." एवढंच. पण त्यानंतर त्या घरात शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, रेडिओ लागला नाही.

पुढची नऊ-दहा वर्षं मी काय सांगू! बाई थांबल्याच नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, कोजागरीला, लोकांच्या बारशांना. साहेबांनी कायमचं मायदेशी जाताना आपल्या गाण्यांची पुस्तकं आणि कॅसेट तिला देऊन टाकल्या. आम्ही दोघींनी त्या इंग्रजी चालींवर मराठी शब्द रचून तासाभराचं एक नाटुकलं केलं, त्यात भाडेकरू, वॉचमन आणि लिफ्टमध्ये अडकलेली नवरी, सगळे गात होते. मंडळातल्या एका जाणकारांनी विचारलं, "राग कोणता हा?" नलू म्हणाली, "खाणावळी." त्यांनी मान डोलावली.

एकच गोष्ट तिच्या मनात राहिली, ती केतकी. मुलीला आईचाच आवाज, तोच भरदार, खालचा. शाळेच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये तिला मागच्या रांगेत उभं केलं आणि नुसते ओठ हलवायला सांगितले, तेव्हापासून तिनंही तोंड मिटलं. नलू कितीदा म्हणायची, "माझी गोष्ट तिला पाठ आहे ताई, तरी उपयोग नाही. 'दॅट्स यू, मम्मा,' म्हणते. मला मशीन तरी होती. हिला काय आहे?" केतकी शिकली, अबू धाबीत बँकेत लागली, हुशार, लाघवी मुलगी. पण वाढदिवसाच्या गाण्यालासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवणार.

हॉस्पिटलात शेवटची भेटले तेव्हा नलूला बोलायला त्रास होत होता. मी बडबडत होते, सावंतचा फोन आला होता, त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, असं काहीबाही. ती ऐकत होती. मध्येच बघते तर चादरीखाली तिचा उजवा पाय हलतोय. टाच खाली, चवडा वर, चवडा खाली. मला समजलं, बाई मशीन चालवतायत. मी वाकून कान जवळ नेला. ओठ हलत होते. सूर नव्हता, पण चाल होती. घोड्याच्या टापांची. मग थांबली, म्हणाली, "केतकीला…" आणि दम लागला. मी म्हटलं, "हो, हो, बघते मी." काय बघणार होते, देव जाणे.

केतकीनं दोन महिने रजा घेतलीय, वडिलांसाठी. परवा दुपारी वसंतराव कुठल्याशा ऑफिसात सह्या करायला गेले होते. मी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देऊन गॅस बारीक केला आणि हात पुसत बाहेर आले, तर भिंतीपलीकडून टकटक. मग ध्यानात आलं, केतकी. काहीतरी शिवत असेल, किंवा नुसतीच पाय ठेवून बसली असेल, मी काय बघायला गेले नाही. भिंतीशी गेले. टकटक चालली होती. आणि तिच्या खाली… अगदी खाली, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, 'कुणी येतो घोड्यावरून.' चौदा वर्षांची असताना त्या हॉलमध्ये ऐकलेलं, आणि मग घरात आईच्या तोंडून हजारदा. शब्द तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत. आवाज मात्र तो. मी डोळे मिटून घेतले. 'आमटी माझी, राणी'पर्यंत पोचली, आणि मशीन थांबली. गाणंही थांबलं. ती शांतता मी ओळखते हो. अठरा वर्षं ऐकलीय.

मी मागे झाले, दोन्ही हातांनी भिंतीवर थापा मारल्या आणि साठीच्या पुढच्या बाईला शोभणार नाही अशा आवाजात ओरडले, "वन्स मोअर!"

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, पोर घाबरली, मी घोटाळा केला. तेवढ्यात माझ्या नाकात करपल्याचा वास आला. आमटी! गॅस बंद करायला वळणार, एवढ्यात पलीकडून पहिली ओळ सुरू झाली. थोडी कापत, मग सरळ, मग मोकळी.

मशीन सुरू झाली नव्हती. नुसताच आवाज येत होता. आमटी करपत होती, आणि मी भिंतीपासून हलले नाही.